लाल रंगाला रात्र हवी

थंड देशांत हिवाळ्याच्या तोंडावर झाडेझुडपे पेटल्यासारखी लाल होतात. काही झुडपे तर लोक केवळ त्या रंगासाठी अंगणात लावतात. आपल्या मराठवाड्यातली पानगळ तशी कोरडीच. कडुलिंबाची पाने पिवळी पडून वाऱ्यावर उडून जातात. लाल होऊन गळतात ती देशी बदामाची. पण दारापुढे हौसेने लावलेले एक झुडूप मात्र दिवाळी सरली की रंगू लागते आणि डिसेंबरात साऱ्या गल्लीच्या नजरेत भरते. ते म्हणजे पॉइन्सेटिया. आमच्या गल्लीत त्याला लालपत्ती म्हणतात.

बदामाचे पान म्हातारे होऊन लाल होते. लालपत्तीचे उलटे आहे. फांदीच्या शेंड्याला येणारी कोवळी पानेच लाल असतात. लोक त्यांना फूल समजतात. खरी फुले मध्यभागी, पिवळसर मण्यांसारखी, सहसा कुणी न पाहिलेली. नावाचेही असेच. हे झाड मूळचे मेक्सिकोचे. तिथल्या आदिवासींनी त्याला स्वतःचे नाव दिले होते, त्याचा लाल रंग ते कापड रंगवायला वापरत. १८२८ च्या सुमारास जोएल पॉइन्सेट या अमेरिकी राजदूताने ते आपल्या देशात नेले आणि झाडाला त्याचे नाव चिकटले. हाच गृहस्थ पुढे अमेरिकेचा युद्धमंत्री झाला. १८३८ मध्ये चेरोकी आदिवासींना बंदुकीच्या धाकाने त्यांच्या भूमीतून हाकलले गेले, ते त्याच्याच कारकिर्दीत. झाड आदिवासींचे, नाव त्याचे!

आमच्या पहाडसिंगपुऱ्यातल्या घरी ही लालपत्ती सासूबाईंनी आणली. त्या एका बंगल्यात धुणीभांडी करत. तिथे छाटून फेकलेली वीतभर फांदी त्यांनी पदरात गुंडाळून आणली आणि दारात खोचली. दोन-तीन वर्षांत झुडूप माणसाच्या वर गेले. पुढे त्यांची दृष्टी अधू झाली. माणसे आवाजावरून ओळखू लागल्या, पण तो लाल रंग त्यांना ओसरीतल्या बाजेवरून दिसे. "रंग आला गं," असे त्या म्हणाल्या की आमच्या घरी थंडी सुरू झाली, असे आम्ही समजायचो.

२०१९ मध्ये आमच्या गल्लीत विजेचा खांब बसला. त्यासाठी आम्ही बायांनीच अर्ज केला होता. अभ्यासिकेतून रात्री परतणाऱ्या मुली, कंपनीतून दुसरी पाळी करून येणाऱ्या बाया, सगळ्यांना त्या अंधाराची धास्ती होती. दिवा लागला आणि त्या डिसेंबरात लालपत्ती हिरवीच राहिली. भिंतीआडच्या दोन फांद्या तेवढ्या रंगल्या. कुणी म्हणाले मुळाला कीड लागली, कुणी म्हणाले झाड म्हातारे झाले.

उलगडा केला तो वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीने. ती म्हणाली, "मावशी, हे झाड रात्र मोजतं. रोज बारा तासांहून जास्त सलग अंधार कित्येक आठवडे मिळाला, तरच त्याला फुलोरा येतो आणि पानं लाल होतात. मध्येच उजेड पडला की त्याची मोजणी मोडते." आपल्याकडे सप्टेंबर संपता संपता रात्र दिवसाहून मोठी होते, डिसेंबरात ती तेरा तासांची असते. झाडाला तेवढी पुरते. पण दाराशी रात्रभर दिवा जळत असेल, तर त्याच्यासाठी रात्र होतच नाही.

शेजारच्या एका मुलाने बल्ब काढून देण्याची तयारी दाखवली. सासूबाईंनी त्याला जवळ बोलावले. "माझ्या झाडापायी पोरी अंधारात येतील का रे? दिवा ऱ्हाऊ दे. झाडाचं मी बघते."

पुढच्या फेब्रुवारीत छाटणी केली. त्यातल्या जून फांद्यांचे वीत-वीतभर तुकडे घेतले, त्यांचा पांढरा चीक वाळू दिला आणि परसात, जिथे दिव्याचा उजेड पोचत नाही, तिथे लावले. दुसऱ्या हिवाळ्यात तिथे लाल पाने आली. मग आम्ही सासूबाईंची बाजही ओसरीतून मागच्या दारी हलवली. पुढचे जुने झुडूप आजही उभे आहे, बाराही महिने हिरवे. मुली त्याच्याजवळून निर्धास्त जातात.

मैत्रिणींनो, तुमची लालपत्ती रंगत नसेल तर खताआधी दिव्याकडे बघा. कुंडीत असेल तर ऑक्टोबरपासून संध्याकाळी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, सकाळी उन्हात काढा. छाटताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, कातडीलाही तो खाजतो. आणि रोप विकतच आणायला हवे असे नाही. कुणाच्या छाटणीतली टाकून दिलेली फांदीही लागते.