सवलतीच्या आधीचं शिकवणं

दहावीचे अर्ज भरायची वेळ आली, की शाळेला आपल्या दिव्यांग विद्यार्थ्याची आठवण होते. धामणगाव बढेसारख्या गावातून प्रमाणपत्रासाठी बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या खेपा, मग लेखनिकाची शोधाशोध, मंडळाकडे प्रस्ताव. कागद पूर्ण झाला की विशेष शिक्षकाचं काम झालं, असं सगळेच धरून चालतात. माझ्या मते त्याचं खरं काम त्याआधी, आठवीतच सुरू व्हायला हवं. लेखनिकाचंच घ्या. भूमितीच्या 2 तासांच्या पेपरला तासाला 20 मिनिटांच्या हिशेबाने 40 मिनिटं जादा मिळतात. पण कोणता कोन काटकोन, म्हणून कर्ण कोणता, पुढची पायरी कोणत्या प्रमेयाने, हे सगळं न लिहिता तोंडी, क्रमाने, दुसऱ्याला लिहून घेता येईल अशा बेताने सांगायला सराव लागतो. तो नसेल तर ती 40 मिनिटं दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. ही सवय घटक चाचणीपासून लावावी लागते, आणि ती लावणारं माणूस शाळेत हजर असावं लागतं.

यावर मुख्याध्यापक म्हणतील, आमच्याकडे अशी मुलं दोन-चार. त्यांच्यासाठी अख्खं पद कुठून आणायचं? शंका रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात माध्यमिक स्तरासाठी 15 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. शाळेमागे एक असं नव्हे. राज्याने 2024 मध्ये 4,860 पदं मंजूर केली, तीही केंद्रागणिक, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटामागे, एक. पण केंद्र ही प्राथमिक शाळांची रचना, त्यामुळे हायस्कूलच्या वाट्याला उरलासुरला वेळच येण्याची भीती. आजूबाजूच्या हायस्कुलांनी एक शिक्षक वाटून घ्यायला हरकत नाही. मात्र त्याचे वार ठरलेले हवेत. दुसरा आक्षेप असा, की विषयशिक्षकावर आधीच बोजा आहे, विशेष शिक्षकाने मुलाला वेगळं बसवून शिकवावं. पण विज्ञानाच्या तासाला उठवून नेलेल्या मुलाचं विज्ञान बुडतं, आणि एकटा विशेष शिक्षक दहावीचे सगळे विषय शिकवू शकत नाही. काय शिकवायचं ते विषयशिक्षकाला माहीत, या मुलाच्या गळी ते कसं उतरेल ते विशेष शिक्षकाला. दोघांनी धडा सुरू होण्यापूर्वी एकत्र बसायला तासिका हवी. येत्या जूनमध्ये वेळापत्रक लागेल तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीने एवढंच विचारावं: ही तासिका कुठे आहे?