नरसीहून युगांडाला जाताना

मागच्या महिन्यात हिंगोलीहून एसटीने नरसी नामदेवला गेलो, तो भाच्याला निरोप द्यायला. कयाधू नदीकाठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. नामदेव पार पंजाबातल्या घुमानपर्यंत गेले. त्यांची पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत, म्हणून शीख यात्रेकरूही येथे येतात. आता याच गावचा आमचा भाचा इलेक्ट्रिशियनच्या कामावर युगांडात, कंपालाला निघाला होता.

विमान आठ दिवसांवर होते. ताईने लोणचे, पापड, चटणी सगळे बांधून ठेवले होते. मी विचारले, "बाळा, पिवळ्या तापाची लस घेतलीस का?"

"कसली लस, मामा? एजंट तर काही बोलला नाही."

माझ्या पोटात धस्स झाले. युगांडात उतरताना या लसीचा दाखला मागतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. मुंबईत तशी केंद्रे आहेत. लस घेतल्यावर १० दिवसांनी दाखला लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. दाखल्याशिवाय परतलो तर आपल्याच देशात ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. तिकीट पुढे ढकलावे लागले. सोयाबीन विकून जमवलेले पैसे त्यात गेले. ताईच्या डोळ्यांत पाणी आले.

दुसरा धोका हिवतापाचा. डॉक्टरांना विचारून गोळ्या जाण्यापूर्वीच सुरू कराव्यात, परतल्यावरही सांगितले तितके दिवस घ्याव्यात. रात्री मच्छरदाणीतच झोपावे. आमच्या कार्यालयातील एकाचा मुलगा आफ्रिकेतून परतला आणि तापाने फणफणला. घरच्यांनी साधा ताप समजून तीन दिवस घालवले. पोरगा जेमतेम वाचला. परतल्यावर काही महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना आधी सांगावे, "मी आफ्रिकेतून आलोय."

त्या रात्री आम्ही एकाच मजकुराचे दोन कागद केले. पासपोर्टचा क्रमांक, कंपनीचा पत्ता, रक्तगट, कंपाला येथील भारतीय उच्चायुक्तालयाचा फोन. सोबत पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स. एक संच त्याच्या बॅगेत, दुसरा ताईच्या पत्र्याच्या पेटीत. तिथे पोचताच उच्चायुक्तालयात नाव नोंदव, असे बजावले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात लढाई पेटली, तेव्हा भारत सरकारने 'ऑपरेशन कावेरी'त सुमारे ३,८०० माणसे बाहेर काढली. आपला माणूस कुठे आहे हे सरकारला माहीत असेल, तर मदत लवकर पोचते.

ताईला अक्षरे फारशी वाचता येत नाहीत, आकडे येतात. म्हणून फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहिले. युगांडाचे घड्याळ आपल्यामागे अडीच तास, हेही सांगितले. नाहीतर फोन उशिरा आला की ती रात्रभर जागायची.

भाचा पुढे सुखरूप पोचला. पण वाचकहो, एजंटाच्या भरवशावर राहू नका. लोणच्याची बरणी भरण्याआधी लस आणि कागद पाहा. ज्या घरचे लेकरू परदेशी जाते, त्या घरच्या पेटीत असा एक कागद असलाच पाहिजे.