रुमाल आणि उमाळा

पेशवाईतील डाकव्यवस्थेवर प्रबंध लिहिण्याचा संकल्प मी मोठ्या उत्साहाने सोडला होता. परंतु पहिले प्रकरण हातावेगळे होताच लेखणी अशी अडली की, नुसते मेजाशी बसणे हीच एक सजा होऊन बसली. विषयावरील आस्थाच आटली आहे, आणि ती पुन्हा पाझरेपर्यंत स्वस्थ राहणे हाच खरा प्रामाणिकपणा होय, असा युक्तिवादही मी सिद्ध ठेवला होता. (आळसाला तत्त्वज्ञानाची वाण कधीच नसते!)

पुण्यातील दप्तरखान्यात नित्य भेटणाऱ्या एका वयोवृद्ध मोडीवाचकांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "प्रेरणेचे तुमचे तुम्ही पाहा, रोज एक कागद मात्र बाळबोधीत उतरवून मला दाखवीत चला." या हुकमात सांत्वनाचा लवलेश नव्हता, म्हणूनच तो मला मानवला असावा.

मोडीचा कागद समोर असला म्हणजे स्वतःच्या मनाकडे पाहण्यास फुरसत उरत नाही. शब्द सलग, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही, आणि माथ्यावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असा अरबी संख्यांत गुंडाळलेला सुहूर सन: एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१, त्यांत ५९९ वा ६०० मिळवावे, तेव्हा पानिपतचे १७६०-६१ साल हाती येणार, आणि वर्षारंभ मृगाचा असल्यामुळे महिना पाहिल्यावाचून दोहोंपैकी कोणते मिळवावयाचे, हेही ठरत नाही.

नकला साचत गेल्या. मन मात्र कोरडेच. पुढे एकदा डाक नेणाऱ्या जासुदांच्या मुशाहिऱ्याच्या यादीत जोडीतील एकाच्या नावापुढे रक्कम मांडलेली, दुसऱ्याच्या पुढे जागा कोरी, असे आढळले. जासूद जोडीने धावत, हे मी पहिल्या प्रकरणात लिहूनही टाकले होते. पण तो दुसरा वाटेत पडला, पळाला, की त्याची बाकी पुढील सालावर ओढली, हा प्रश्न मला तेव्हा प्रथमच पडला, आणि कोणी न सांगता मी दप्तराच्या कागदांचे रुमालामागून रुमाल सोडू लागलो.

वृद्ध गृहस्थांच्या मते हे सारे नित्यनेमाचे फळ. मी ते निम्मेच मान्य करतो. कारण जासुदांविषयी ज्याला काडीचेही कुतूहल नाही, अशा चोख कारकुनाने कोरी जागा कोरीच उतरवून पुढचा कागद घेतला असता. त्या जासुदाचा तपास अद्याप लागलेला नाही. दुसरे प्रकरण तूर्त त्याच्या बाकीपासून सुरू केले आहे.