आमच्या परसातला भोपळ्याचा वेल

आमचे घर गावाच्या कडेला आहे. घरामागे परस आहे. परसात शेवग्याचे झाड, अळू आणि गोठा आहे. दरवर्षी मृगाचा पाऊस पडला की माझी आजी गोठ्याजवळ लाल भोपळ्याचे बी लावते. त्या वेलाची हकिकत मी लिहीत आहे. ही हकिकत खरी आहे. तिच्यात माझी एक चूक पण आहे. गुरुजी म्हणाले, "चूक लिहिलीस तरच निबंध पुरा होईल." म्हणून तीही लिहितो.

आजीने बी राखेत घोळून मडक्यात ठेवले होते. आळे करून तिने शेणखत घातले आणि चार बिया टोचल्या. मला दम निघेना. तिसऱ्या दिवशी मी एक बी उकरून पाहिले. वर काहीच नव्हते, पण खाली पांढरे मूळ आले होते. मला वाटले बी उलटे लागले. गुरुजींना विचारले तर ते हसले. म्हणाले, "आधी पाण्याची सोय, मग बाकीचे. मूळ आधीच येते." मग जाड जाड दोन पाने वर आली. ती म्हणजे बियांचीच दोन दले. रोपाची पहिली शिदोरी त्यांतच असते. आजीने एक जोमदार रोप ठेवले आणि बाकीची उपटली.

वेल सरसर वाढू लागला. त्याला स्प्रिंगसारखे तणावे फुटले. मी एका तणाव्याजवळ तुरीची काठी रोवली. संध्याकाळी पाहतो तर त्याने काठीला दोन वेढे घातलेले! वेलाला डोळे नाहीत, पण काठी लागलेली त्याला कळते.

आजी म्हणाली, "औंदा दिवाळीच्या बाजारात भोपळं इकायचं आन् ताईला चपला आणायच्या." माझी ताई शेजारच्या गावच्या हायस्कुलात जाते. रोज चालत जाते. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, त्यात तिने तार घातली होती.

आता माझी चूक सांगतो. आषाढात एके दिवशी मी परसातून विटीदांडू खेळायला पळालो आणि कवाड उघडेच राहिले. शेजारची शेळी आत आली. तिने वेलाचा शेंडा कुरतडून खाल्ला. मी परत आलो तेव्हा वेल बोडका झाला होता. आजीने विचारले, "कवाड कुनी उघडं ठेवलं?" माझ्या तोंडातून निघाले, "ताईने." ताई शाळेतून आली आणि तिने बोलणी खाल्ली. ती म्हणाली, "मी नाही ठेवलं." पण कोणी ऐकले नाही. तिने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. त्या रात्री मला भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. दुपारी पाहिले तर वेलाची पाने छत्रीसारखी मिटून खाली लोंबत होती. मला वाटले, मेला आता वेल. मी चार तांबे पाणी ओतले. संध्याकाळी पाने पुन्हा ताठ झाली. तिसऱ्या दिवशीही तसेच झाले. मी शाळेत गुरुजींना विचारले. शेळीचे मात्र सांगितले नाही.

गुरुजींनी आम्हांला पांढऱ्या तेरड्याची दोन रोपे मुळासकट आणायला लावली. मुळे हळूच धुतली. एका रोपाची सगळी पाने काढून टाकली. मग दोन काचेच्या पेल्यांत पाणी घेऊन त्यात गुरुजींची वह्या तपासायची लाल शाई घातली आणि रोपे उभी केली. तेरड्याचे खोड काचेसारखे असते. जेवणाची सुट्टी झाली आणि आम्ही धावत आलो. पानवाल्या रोपाच्या खोडात लाल रेघा वर चढल्या होत्या. बिनपानाच्या रोपात रेघा खालीच होत्या. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या फुलांच्या पाकळ्यांत सुद्धा लाल शिरा दिसल्या.

गुरुजी म्हणाले, "मुळापासून पानापर्यंत बारीक नळ्या असतात. पानाला डोळ्यांनी न दिसणारी छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. जेवढे पाणी वर जाते, तेवढे खालून ओढले जाते. म्हणजे पाणी पानेच वर खेचतात." भर उन्हात पानांतून पाणी भराभर जाते आणि मुळांना तेवढे पुरवता येत नाही, म्हणून मोठी पाने मान टाकतात. ऊन उतरले की भरपाई होते. मला तेव्हा कळले की आमचा वेल मरत नव्हता.

मग आठ दिवसांनी नवल झाले. जिथे पान खोडाला मिळते त्या बेचक्यांतून कोंब बाहेर आले. एक नाही, चार! शेंडा होता तेव्हा ते कोंब झोपलेले होते. मी धावत गुरुजींकडे गेलो आणि आनंदात सांगून टाकले, "गुरुजी, शेळीने शेंडा खाल्ला, तरी वेलाला चार फुटवे आले!"

गुरुजींनी फळ्यावर वेल काढला. म्हणाले, "शेंड्यात एक रस तयार होतो. तो खोडातून खाली उतरतो आणि बाजूच्या कोंबांना थोपवून धरतो. शेंडा गेला की रस कमी पडतो आणि कोंब जागे होतात." त्या रसाचे नाव ऑक्झिन. अशा रसांना संप्रेरके म्हणतात. ती अगदी थोडी असतात, पण सगळ्या झाडाला निरोप पोचवतात. नवरात्रात घटाचे धान दाराच्या उजेडाकडे झुकते, ते तुम्ही पाहिलेच असेल. तेही ऑक्झिनमुळेच. उजेडाच्या उलट्या बाजूला तो रस जास्त जमतो, ती बाजू जास्त लांब होते आणि रोप वाकते. १८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबांच्या शेंड्यांवर टोप्या घालून पाहिल्या. टोपी घातली की कोंब वाकतच नव्हते. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला आणि वाकते खालचे खोड. गुरुजींनी हेही सांगितले की नारळाचा शेंडा तोडला तर नारळ मरतो, कारण त्याला बाजूचे कोंब नसतात. म्हणून कोणी उगाच झाडांचे शेंडे मोडू नयेत.

सगळे ऐकून गुरुजींनी मला जवळ बोलावले. "कवाड कोणी उघडे ठेवले होते?" मी गप्प राहिलो. ते काही बोलले नाहीत. घरी गेलो आणि आजीला सांगितले, "आजी, कवाड मी उघडं ठेवलं होतं." मला वाटले, वेल तर फुटला, आता आजी रागावणार नाही. आजी म्हणाली, "शेळीनं खाल्ल्यालं फुटतं रं. पन तुझ्यापायी पोरीनं बोलणी खाल्ली, त्याचं काय?" मला रडू आले. मी ताईची माफी मागितली. ताई म्हणाली, "रडू नको. उद्यापासून पहाटे उठायचं आणि माझ्याबरोबर वेलाचं काम करायचं."

श्रावणात वेल पिवळ्या फुलांनी भरला. पहिली फुले सगळी लांब देठाची होती. आजी त्यांना वांझ फुले म्हणते आणि तोडून भाजी करते. नंतर काही फुले आली, त्यांच्याखाली लिंबाएवढा भोपळा होता. पण तसले पहिले दोन भोपळे पिवळे पडून गळाले. आजी म्हणाली, दृष्ट लागली. ताईच्या विज्ञानाच्या पुस्तकात निराळे होते. लांब देठाचे ते नरफूल, बाळभोपळा असलेले ते मादीफूल. नरफुलातले पराग मादीफुलावर पडले तरच फळ धरते. भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असतात. ते वाऱ्याने जात नाहीत, मधमाशी लागते. त्या दिवसांत सारखी झड होती, मधमाशी फिरकत नव्हती. आणि नरफुले तर आम्ही भाजीत खाल्ली होती!

ही फुले पहाटे उमलतात आणि दुपारच्या आत मिटतात. म्हणून ताई मला कोंबडा आरवला की उठवायची. ती कंदील धरायची. मी नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायचो आणि मधला पिवळा दांडा मादीफुलाच्या मध्ये हलकेच फिरवायचो. बोटे पिवळी व्हायची. पाच फुलांना असे केले. एक कुजले. चार भोपळे धरले, त्यांतले तीन नव्या फुटव्यांवर होते. आजीने ते पाहिले आणि तेव्हापासून ती नरफुले सगळी तोडत नाही. म्हणते, "बापाबिगर लेकरू कसं व्हईल?"

दिवाळीच्या बाजारात तीन भोपळे विकले. पैसे थोडे कमी पडले, ते आजीने अंड्यांच्या पैशांतून घातले. ताईला चपला आल्या. चौथा भोपळा बियांसाठी ठेवला होता. तो कापला तेव्हा मी बिया मोजल्या. तीनशे बारा भरल्या. ताई म्हणाली, "एका बीला एक परागकण लागतो. म्हणजे तुझ्या बोटांनी निदान तीनशे बारा कण पोचवले."

मित्रांनो, वेल बोलत नाही, पण त्याला पाणी कळते, उजेड कळतो, आधार कळतो. शेंडा गेला तर तो दुसरीकडून फुटतो. माणसाने मात्र आपली चूक दुसऱ्यावर घालू नये. मी आता परसाचे कवाड लावूनच खेळायला जातो. कोणाला भोपळ्याचे बी पाहिजे असेल तर मला शाळेत सांगा. मी कागदाच्या पुडीत आणून देईन. मात्र लावताना आधी कुंपण करा.

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी