पडदा वरून फूटभर उघडा

दिवाळी उलटली की ब्रॉयलरच्या शेडचे पडदे बंद होतात आणि एफसीआर बिघडायला लागतो. पशुवैद्य म्हणून मी हे दर हिवाळ्यात पाहतो. फोन मात्र येतो तो औषध विचारायला.

आधी हिशेब मांडू. करारावर पक्षी पाळणाऱ्याला पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनी देते. शेड, वीज, तूस, मजुरी त्याची. मोबदला किलोमागे, आणि तो एफसीआरवर, म्हणजे किलोभर वजनाला किती खाद्य लागलं यावर, वरखाली होतो. 5 हजार पक्षी 2 किलोला गेले तर माल झाला 10 हजार किलो. एफसीआर 1.6 ऐवजी 1.7 आला की हजार किलो खाद्य जास्तीचं, म्हणजे 50 किलोची 20 पोती. मर वाढलेली नाही, वजनही तेवढंच, तरी 20 पोती गेली.

थंडीत पक्षी खाद्य ऊब धरायला जाळतो, हे पोल्ट्रीवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणूनच तो पडदे खालपासून छपरापर्यंत आवळून टाकतो. पहिल्या आठवड्यात ऊब हवीच. पिल्लाला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही, ब्रूडरखाली 32 ते 34 अंश लागतात. पण त्याच बंद शेडमध्ये कोळशाची शेगडी पेटते, ती पिल्लांच्याच वाट्याचा प्राणवायू खाते.

पुढे खरी अडचण पाण्याची. पाचव्या आठवड्यातला पक्षी दिवसाला साधारण 300 मिलिलिटर पाणी पितो. 5 हजार पक्ष्यांचं झालं दीड हजार लिटर. त्यातलं बहुतेक विष्ठेतून आणि श्वासातून शेडमध्येच परत येतं. म्हणजे रोज हजार लिटरवर पाणी बाहेर काढायचं आहे, आणि ते काम हवेशिवाय कोणी करत नाही. पडदे बंद म्हणजे खालची तुसाची गादी ओली, आणि ओल्या गादीतून अमोनिया. त्याने डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेचं अस्तर दुखावतं आणि मग सीआरडी, म्हणजे श्वसनाचा जुनाट आजार, आत शिरतो. झपाट्याने वाढणाऱ्या पक्ष्याच्या हृदयाला प्राणवायू अपुरा पडला की पोटात पाणी होतं. त्याला अँटिबायोटिक काय करणार?

शेडवर राहणाऱ्या माणसाचं नाक या वासाला सरावतं, त्यामुळे ‘वास नाही हो डॉक्टर’ यावर विश्वास ठेवू नये. बाहेर दहा मिनिटं थांबून आत जावं आणि पक्ष्याच्या उंचीला उकिडवं बसावं. मूठभर तूस दाबून पाहावं. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. रात्री दिवा मालवून उभं राहिलं की घरघर ऐकू येते.

उपाय स्वस्त आहे. पडदा खाली पक्का बांधायचा आणि वरून खाली उघडेल असा लावायचा. वर फूटभर फट रात्रीसुद्धा राहू द्यायची. गरम, दमट हवा तिथून निघते आणि गार वारा थेट पक्ष्यांच्या अंगावर येत नाही. गादी रोज हलवायची, पाण्याचं निपल गळत असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करायचं. दोनशे रुपयांच्या टॉनिकपेक्षा याचा गुण जास्त.

कंपन्यांकडे एक मागणी आहे. सुपरवायझर येतो दुपारी, तेव्हा ऊन असतं, पडदे उघडे असतात, सगळं छान दिसतं. हिवाळी बॅचमध्ये त्याची निदान एक भेट पहाटे चारची असावी, आणि त्या वेळची गादीची आणि वासाची नोंद शेतकऱ्याच्या समोर कार्डावर लिहावी.