नळ उंच नाही, लांब आहे!

‘पोरांना आर्किटेक्चर शिकवतोस? तू? तेही पाचवीतल्या?’ शनिवारी सकाळी मी कुठे गायब होतो हे कळल्यावर ऑफिसातल्या मित्राची ही प्रतिक्रिया. त्याचंही बरोबर आहे म्हणा, मी साधा कोड लिहिणारा माणूस. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण मात्र खरीखुरी आर्किटेक्ट आहे. ती शिकवते, मी पुठ्ठे कापतो. शाळा महापालिकेची, वर्गात चाळीस मुलं.

तिची सुरुवात कमानी आणि घुमटांपासून होत नाही. ती हातात टेप देते आणि प्रत्येकाला स्वतःचा पुठ्ठ्याचा माणूस करायला लावते, एकास दहा मापाचा. म्हणजे उंची १३२ सेंटिमीटर असेल तर पुठ्ठ्याचा माणूस १३.२ सेंटिमीटर. खांदा, हात, डोळे.. सगळं मोजून. मग शाळेतल्या वस्तू त्याच मापात करायच्या. बाक, खिडकी, जिना. दशांश अपूर्णांक फुकटात शिकून होतात ते वेगळंच.

तिसऱ्या शनिवारी पाण्याच्या नळांची पाळी आली. टाईल्स लावलेला रुंद ओटा आणि मागच्या भिंतीत सहा नळ. पहिलीतली मुलं तिथे पाणी पीत नाहीत. मोठं कोणी दिसलं तर बाटली भरून मागतात, नाहीतर तशीच तहानलेली वर्गात जातात. हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. लहान आहेत, मोठी होतील की!

पोरांनी पहिलीतला एक मुलगा धरून आणला, मोजला (११२ सेंटिमीटर) आणि त्याचा पुठ्ठ्याचा माणूस केला. नळ उंच आहेत, पायरी बांधा, असंच सगळ्यांचं मत होतं. पण मॉडेलपुढे माणूस उभा केला तर नळ त्याच्या खांद्याच्या जरा खालीच! एक मुलगी बराच वेळ पट्टी लावत बसली होती. मग ओरडली, ‘ताई, नळ उंच नाहीये, लांब आहे!’ ओट्याच्या कडेपासून नळ ५८ सेंटिमीटर आत, आणि त्या पोराचा हात ४७ सेंटिमीटर.

म्हणजे पायरी नको, पाईपचा वीतभर तुकडा हवा. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, पोरं लोंबकळतील, पाईप तुटेल. पोरांनी खालून टेकू काढून दाखवला. बाईंनी सहापैकी दोन नळांना परवानगी दिली. वर्गातल्याच एकाचे वडील प्लंबर, त्यांनी रविवारी येऊन काम करून दिलं.

चंदीगडचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्बुझिएने मापांची ‘मोड्यूलर’ नावाची पद्धत बसवली होती. तिच्यातला माणूस १८३ सेंटिमीटर उंच, धडधाकट पुरुष. त्या मापात माझी आई बसत नाही, पहिलीतलं पोर तर नाहीच नाही. उलट मारिया माँटेसरीने १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह काढलं तेव्हा टेबल-खुर्च्याच मुलांच्या मापाच्या करून घेतल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक तर बालवाडीच उचलून आदिवासी पाड्यांवर, मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या.

आपल्या धंद्यात युजर कोण, हा प्रश्न बऱ्याचदा रिलीजच्या आदल्या आठवड्यात निघतो. या पोरांनी तो दहाव्या वर्षी टेप घेऊन सोडवला. त्यातली किती आर्किटेक्ट होतील कोणास ठाऊक. पण गैरसोय ही देवाने दिलेली नसते, कोणीतरी मोजताना आपल्याला धरलेलं नसतं, हे त्यांना कळलंय. मित्राला मार्कांचं काय ते विचारायचं होतं. मार्क नाहीत बाबा यात!

असो. पुढच्या शनिवारी शाळेच्या मुतारीचं माप घ्यायचंय. चाळीस पोरांत टेप नऊच आहेत. तुमच्या घरी एखादी पडून असेल तर जरूर कळवा.