ऐकू येतंय का?

बँकेत एकवीस वर्षं कारकुनी केली की माणसाला दोन आवाज येतात. काउंटरवरचा चढा आणि साहेबांच्या केबिनमधला उतरलेला. घरात वापरायचा तिसरा आवाज लग्नाच्या दिवशीच सौ.च्या ताब्यात जातो. त्यामुळे २०२० च्या डिसेंबरात आमच्या लॅपटॉपने माझा आवाज घ्यायला साफ नकार दिला, तेव्हा घरात कुणी फारसं हळहळलं नाही.

पण तीन दिवसांवर माझी मुलाखत होती. कारकुनाचा अधिकारी होण्याची परीक्षा मी सौ.च्या आग्रहाखातर चौथ्यांदा दिली होती आणि कशी कोण जाणे, पास झालो होतो. करोनामुळे मुलाखत घरबसल्या, पडद्यावर व्हायची होती. आता बढती म्हणजे बदली, हे बँकवाल्याच्या घरातलं पाळण्यातलं पोरसुद्धा जाणतं. आणि आमची आई बहात्तर वर्षांची. अहिराणीखेरीज दुसरं काही बोलत नाही आणि नंदुरबार सोडून कुठे यायचं नाव काढत नाही. सौ. 'बढती' म्हणायची, मी मनातल्या मनात 'बदली' म्हणायचो आणि आई दोघांकडे न बघता सुपातल्या मिरच्यांचे देठ खुडत बसायची.

सौ.ने रंगीत तालीम ठेवली. नाशिकचा मेहुणा टायबिय लावून पडद्यावर साहेब होऊन बसला. मी "गुड मॉर्निंग, सर" म्हटलं. तो नुसता बघत राहिला. मी आणखी दोनदा म्हटलं. शेवटी त्याचा फोन आला. "दाजी, तोंड हलतंय, पण आवाज शून्य. ताईला विचारा, असंच राहू द्यायचं का?"

आता आमच्याकडे डिसेंबर म्हणजे मिरचीचा हंगाम. गावाबाहेर पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वारा फिरला की आख्खी गल्ली एका सुरात शिंकते. शेजारच्या काकांनी लॅपटॉप उलटसुलट करून निदान केलं, "मिरची गेली असेल आत!" लॅपटॉपचा माइक म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याशेजारी, सुईच्या टोकाएवढं एक भोक. त्यातून अख्खी मिरची कशी जाणार, हे मी त्यांना विचारलं नाही. सौ. मात्र 'सुईच्या टोकाएवढं' हे शब्द ऐकून सुई घेऊनच आली. चिरंजीवांनी तिचा हात धरला म्हणून बरं, नाहीतर माइकच्या पडद्याचे कान त्याच दिवशी टोचले गेले असते.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. माणसाची ओळख यंत्राला पटवायची सुरुवात आमच्याकडून झाली, आणि माझ्याच घरातलं, माझ्याच पैशाचं यंत्र मला ओळख देईना!

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पिशवीत घालून बँकेत नेला. तिथे एक नवा अधिकारी आहे, वयाने माझ्या निम्मा, पगाराने माझ्या पुढे. त्याने डिव्हाइस मॅनेजर नावाची यादी उघडली. एका ओळीवर पिवळा त्रिकोण, आत उद्गारवाचक चिन्ह. "काका, तुमचा ड्रायव्हर गेलाय."

"आमच्याकडे गाडीच नाही," मी म्हटलं.

त्याने मग फार छान समजावलं, तेही आमच्याच शाखेचं उदाहरण देऊन. माझ्या काउंटरवर आजही धडगावकडून पावरा म्हातारी माणसं येतात. ती पावरी बोलतात, मी बँकेचं मराठी बोलतो. त्यांना पैसे काढायचे असतात, मला द्यायचे असतात, पेटीत पैसे असतात; तरी व्यवहार होत नाही. मग आमचा शिपाई मध्ये उभा राहतो. त्यांचं मला सांगतो, माझं त्यांना सांगतो (थोडं स्वतःचंही मिसळतो, असा मला संशय आहे) आणि काम होतं. ड्रायव्हर म्हणजे हा शिपाई. माइक त्याच्या भाषेत बोलतो, विंडोज आपल्या भाषेत ऐकतं. शिपाई रजेवर गेला की दोघंही धडधाकट, पण काउंटर बंद.

"पण हा रजेवर गेलाच कसा?"

गेला नव्हता. मीच त्याला काढलं होतं. दिवाळीच्या साफसफाईत सौ.ने माळा आवरला, तेव्हा मी लॅपटॉप आवरला होता. ज्या नावाचा उपयोग कळत नाही ते पुसून टाकायचं, असं धोरण होतं. त्या पोराने कंपनीच्या साइटवरून आमच्या मॉडेलचा ऑडिओ ड्रायव्हर उतरवून घेतला आणि मशीन बंद करून सुरू केलं. त्रिकोण गेला. आवाज आला नाही.

मग प्रायव्हसीच्या पानावर माइकची परवानगीच बंद सापडली. ती दिली. इनपुटमध्ये न लावलेल्या इअरफोनचा माइक निवडलेला होता. तो बदलला. तरी पट्टीवरची रेघ हलेना. शेवटी घरी चिरंजीव आले आणि म्हणाले, "पप्पा, ते एफ-फोरवरचं केशरी बटण मी दाबून ठेवलंय. दिवा लागला की माइक बंद."

"कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच."

खरंच मीच. जूनमध्ये त्याच्या ऑनलाइन तासाला मी फोनवर एका कर्जदाराशी बोलत होतो, तर दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गातली पोरं त्याला विचारायला लागली, "हप्ता भरला का?" तेव्हा मी गरजलो होतो, "ते बंद ठेव!" आज्ञाधारक पोराने तेव्हापासून ते उघडलंच नव्हतं. प्रगतिपुस्तकात बाईंनी 'शांत व संयमी' असा शेरा दिला होता, त्याचा आम्हाला केवढा अभिमान!

मुलाखतीच्या दिवशी दिवा विझलेला होता. पडद्यावर तीन साहेब. मी बोललो, त्यांना ऐकू गेलं. एनपीए झालं, केवायसी झालं. मग मधल्या साहेबांनी हिंदीत विचारलं, "ट्रान्सफर कहीं भी हो सकता है. जाएँगे?"

'ट्रान्सफर' हा इंग्रजीतला एक शब्द आईला येतो. ती सूप घेऊन दारात उभी होती.

"कथा चालना रे भाऊ?" तिने विचारलं. कुठे चाललास?

मी झटकन बटण दाबलं. पडदा जरासा अंधारला. मला वाटलं, माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. वळून आईला म्हटलं, "कथाच नही, माय." मग पुन्हा बटण दाबलं, कॅमेऱ्याकडे बघून ताठ बसलो आणि खणखणीत सांगितलं, "कहीं भी, सर!"

तिघेही स्तब्ध. मधल्या साहेबांनी बाजूला झुकून विचारलं, "क्या बोले?" उजवीकडचे साहेब चाळीसगावकडचे निघाले. ते हळूच म्हणाले, "माँ ने पूछा, कहाँ जा रहे हो. इन्होंने कहा, कहीं नहीं."

मी खाली पाहिलं. पहिल्यांदा बोट शेजारच्या, उजेड कमी करायच्या बटणावर पडलं होतं. केशरी दिवा आत्ता लागला होता.

"ठीक है," मधले साहेब म्हणाले. "जवाब मिल गया."

आईने खाली बसून पुन्हा देठ खुडायला घेतले. सौ. आतून धावत आली. "काय म्हणाले? ऐकू गेलं ना तुमचं?"

"गेलं," मी म्हटलं. "जेवढं जायला नको तेवढं सगळं गेलं."